फरशीवरचा चिकटा

भाकऱ्या थापता थापता, शेंगा फोडता फोडता किंवा लेकीची वेणी घालता घालता रेडिओ ऐकणाऱ्या माझ्या सगळ्या ताया, काकू, आक्का आणि मावश्यांना रामराम.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले. उठताना आमच्यातली एक ताई म्हणाली, "अहो ताई, एक विचारू का? हसू नका. माझी फरशी रोज दोनदा पुसते, तरी पाय चिकटतो. फिनेल टाकून झालं, लिंबू घासून झालं. काय करू?" या ताईने गटाचं कर्ज घेऊन घरातल्या पुढच्या खोलीत पार्लर सुरू केलंय. लग्नसराईत दिवसाला दोन-दोन नवऱ्या मुली तिच्याकडे तयार होतात.

बायका हसल्याच. "फरशी चिकटते हा काय बैठकीचा विषय झाला?" असंही कुणीतरी म्हणालं. मला मात्र हसू आलं नाही. का आलं नाही, ते आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वीची दिवाळी. नरकचतुर्दशीची पहाट. तुम्हाला माहीतच आहे त्या पहाटे घराघरात काय चालतं. पोरांना उठवायचं, डोक्याला तेल चोळायचं, अंगाला तेल-उटणं लावायचं, मग मोरीकडे पिटाळायचं. आमच्याकडं बाहेरच्या सोप्यात नव्या गुळगुळीत टाईल्स बसवलेल्या होत्या. मी दोन्ही लेकींना तिथंच बसवून तेल लावलं. तेलाची वाटी थोडी कलंडली. घाई होती. ओला बोळा घेतला, दोनदा फिरवला आणि "झालं" म्हणून चुलीकडे गेले.

माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्या म्हणते, देवापाशी पणती लावायला निघाल्या. तिथंच पाय घसरला. खुब्याजवळचं हाड मोडलं. दिवाळी दवाखान्यात गेली. ऑपरेशन झालं, गटातून कर्ज उचलावं लागलं, आणि आत्या तीन महिने बाजेवर होत्या. ज्या बाईने सगळं आयुष्य स्वतःच्या पायावर उभं राहून काढलं, तिला लघवीलाही धरून न्यावं लागायचं.

भेटायला येणारे म्हणायचे, "वय झालं, चक्कर आली असेल." मीही मान हलवायचे. पण मला माहीत होतं, चक्कर वगैरे काही नव्हती. ते तेल मी सांडलं होतं, आणि मी पुसलं नव्हतं, नुसतं पसरवलं होतं. हे मी आत्यांना पुढं बऱ्याच दिवसांनी सांगितलं. त्याविषयी शेवटी बोलते.

म्हणून आजचा विषय हाच. डोक्याला, केसांना लावायच्या वस्तू जमिनीवर सांडतात, उडतात, चिकटून बसतात, त्या काढायच्या कशा.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. तेल आणि पाणी एक होत नाहीत. तेलकट भांडं नुसत्या पाण्याने निघत नाही हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, मग फरशी नुसत्या पाण्याने कशी निघेल? ओला बोळा फिरवला की एका जागेचं तेल हातभर जागेत पातळ होऊन पसरतं. डोळ्याला दिसेनासं होतं, पण पायाला असतंच. आधी घसरतं. मग चार दिवसांत त्यावर धूळ, माती, पीठ बसतं आणि काळपट चिकट थर तयार होतो. फिनेल टाकलं तर वास येतो, जंतू कमी होतात, पण तेल काही निघत नाही.

खोबरेल तेलाची आणखी एक गंमत. ते साधारण 24 अंशांच्या खाली गोठतं. थंडीत सांडलेलं खोबरेल फरशीवर मेणासारखं बसतं आणि ऊन चढलं की परत पातळ होतं. सकाळी पुसलेली जागा दुपारी घसरते ती यामुळे. त्यासाठी पाणी कोमट-गरमच हवं, गार पाणी उपयोगाचं नाही.

आता तेल सांडलं तर काय करायचं, ते क्रमाने सांगते.

सांडल्या सांडल्या पाणी ओतू नका. आधी त्या जागेवर पाट किंवा खुर्ची आडवी ठेवा, म्हणजे कुणी पाय ठेवणार नाही. मग तेलावर काहीतरी कोरडं टाका. पिठाच्या चाळणीतला कोंडा, बारीक भुसा, सुताराकडचा लाकडाचा भुस्सा, चाळलेली राख, जे घरात असेल ते. दहा-पंधरा मिनिटं राहू द्या. कोंडा तेल पिऊन घेतो. मग जुन्या पुठ्ठ्याने ते गोळा करून उचला. टाईल्स गुळगुळीत असतील तर राख टाकून घासू मात्र नका, ओरखडे पडतात. नुसती टाका आणि उचला.

यानंतर पाण्याची पाळी. अर्धी बादली गरम पाणी घ्या, हाताला सोसेल इतकं. त्यात भांडी घासायचं लिक्विड दोन चमचे किंवा धुण्याची पावडर दोन चमचे घाला. हे पाणी त्या जागेवर ओतून पाच-सात मिनिटं तसंच राहू द्या. ही पाच मिनिटंच आपण देत नाही, आणि मग तासभर घासत बसतो. त्यानंतर काथ्याने किंवा प्लास्टिकच्या ब्रशने घासा. तारेची घासणी नको. टाईल्सच्या जोडात तेल मुरतं, तिथं जुना दात घासायचा ब्रश चालवा.

घासून झालं की ते पाणी पसरवू नका, बोळ्याने टिपून घ्या आणि दुसऱ्या बादलीत पिळा. मग स्वच्छ पाण्याने दोनदा पुसा, शेवटी कोरडं फडकं फिरवा. दोनदा का? तर साबण फरशीवर राहिला की तोही घसरतो आणि वाळला की तोही चिकटतो. माझ्या पाहण्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथं तेल केव्हाच गेलेलं असतं, चिकटा असतो तो साबणाचाच.

यात आपल्या पाण्याचाही हात आहे. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी बोअरचं किंवा विहिरीचं जड पाणी. त्यात साबणाची वडी धरली की फेस होत नाही, साबण फाटतो आणि पांढरट साय येते. ती साय फरशीवर चिकट थर धरते. म्हणून जड पाणी असेल तर वडी किसून वापरू नका, लिक्विड किंवा पावडर वापरा. रिठ्याचं पाणीही चांगलं. चार-पाच रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी उकळून गाळायचे. आजी ज्याने केसातलं तेल काढायची, त्यानेच जमिनीवरचं तेलही निघतं.

आता झालं की नाही, हे कसं ओळखायचं? फरशी पूर्ण वाळू द्या. मग त्या जागेवर बोटाने पाण्याचे दोन थेंब टाका, आणि दोन थेंब कोपऱ्यातल्या, कधी तेल न सांडलेल्या जागेवर टाका. स्वच्छ जागी थेंब पसरतो. तेल राहिलं असेल तर तो मण्यासारखा गोल बसतो, अळवाच्या पानावर बसतो तसा. दोन्हीकडं थेंब सारखे दिसले की समजा फरशी निघाली. नाही दिसले तर साबणाचं पाणी परत एकदा.

हे झालं तेलाचं. पण आमच्या पार्लरवाल्या ताईची फरशी तेलाने चिकटत नव्हती. तिच्याकडं सगळा मामला हेअर स्प्रेचा होता. नवरीचा अंबाडा घातला की तो दिवसभर हलू नये म्हणून वरून स्प्रे मारतात. त्या डब्यात डिंकासारखा एक पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवलेला असतो. फवारला की अल्कोहोल उडून जातं आणि डिंक केसांवर राहतो. पण सगळा फवारा केसांवरच कुठं बसतो? निम्मा हवेत उडतो आणि खुर्चीच्या भोवती दोन-तीन हात जमिनीवर उतरतो. दिसत काहीच नाही. एकावर एक थर बसत जातात आणि मग चप्पल चटचट वाजायला लागते.

यालाही पहिला उपाय गरम साबणाचं पाणी. फक्त भिजवायला जास्त वेळ द्या. जुनं फडकं त्या पाण्यात भिजवून, थोडं पिळून, चिकट जागेवर पंधरा मिनिटं अंथरून ठेवायचं आणि मग घासायचं. आमच्या ताईचं निम्मं काम एवढ्यानेच झालं.

जे राहिलं, त्याला स्पिरिट लागलं. जो डिंक अल्कोहोलमध्ये विरघळून डब्यात भरला होता, तो परत अल्कोहोलनेच सुटतो. औषधाच्या दुकानात जखम पुसायचं स्पिरिट मिळतं ते घ्या. कोरोनाच्या वेळचं पाण्यासारखं पातळ सॅनिटायझर घरात उरलं असेल तर तेही चालेल. जेलसारखं घट्ट सॅनिटायझर नको, तो स्वतःच चिकट थर सोडतो. कापसावर किंवा फडक्यावर थोडंसं घेऊन पुसायचं, जमिनीवर ओतायचं नाही. मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी.

पण एक गोष्ट दोनदा सांगते. स्पिरिट पेट घेतं. स्पिरिट पेट घेतं. चूल, गॅस, देवाचा दिवा, उदबत्ती, विडी, यातलं काही जवळ नको. दारं-खिडक्या उघड्या ठेवा. हेच स्प्रेच्या डब्यालाही लागू. तोही पेट घेतो, आणि उन्हात किंवा चुलीजवळ ठेवला तर फुटू शकतो. रिकामा डबाही कचऱ्याबरोबर पेटवू नका.

केसांच्या जेलचं सोपं आहे. ते बहुतेक कोमट पाण्यात भिजून सुटतं. सिरम मात्र त्रास देतं. केस चमकावेत म्हणून त्यात सिलिकॉन घातलेलं असतं, त्याला पाणी धरत नाही. ते चिकटत नाही, पण तेलापेक्षाही जास्त घसरतं. त्यावर भांड्याचं लिक्विड थेट टाकून फडक्याने चोळायचं, टिपायचं, परत टाकायचं. दोन-तीनदा करावं लागतं.

पार्लरमध्ये वॅक्सही सांडतं. साखर-लिंबाचं घरी केलेलं वॅक्स असेल तर तो पाकच आहे, गरम पाण्याने जातो. मुंग्या यायच्या आधी काढा म्हणजे झालं. विकतचं राळेचं वॅक्स पाण्याला दाद देत नाही. आधी ते बोथट पट्टीने किंवा जुन्या प्लास्टिकच्या कार्डाने खरवडा. उरलेल्यावर थोडं गोडंतेल चोळा, सैल झालं की पुसा. आणि मग ते तेल काढायला पुन्हा साबणाचं गरम पाणी. तेल तसंच ठेवलंत तर आपण निघालो तिथंच परत आलो.

आता जमीन कोणती आहे, तेही बघायला हवं.

गुळगुळीत टाईल्सचं सगळं सांगून झालं. आपल्या जुन्या घरांत शहाबादी फरशी असते. शहाबादी काय किंवा कोटा काय, हा चुनखडीचाच दगड. चुनखडी आणि आंबट यांचं वैर आहे. त्यावर लिंबू, व्हिनेगर, चिंच किंवा संडास धुवायचं ॲसिड पडलं की दगड वरून खाल्ला जातो. बुडबुडे येतात आणि मग पांढरा, खरखरीत डाग पडतो, तो पुसून जात नाही. आमच्या ताईने लिंबू घासलं म्हणाली ना, तिच्या खुर्चीखालची फरशी फिकी पडलीय ती त्यामुळंच. शहाबादी आणि कोबा या दोन्ही जमिनी तेल पितात. वरून पुसून भागत नाही. खाण्याच्या सोड्यात थोडं साबणाचं पाणी घालून थालीपिठाच्या पिठासारखं घट्ट कालवा. डागावर बोटभर थर द्या आणि रात्रभर ठेवा. वाळताना तो आतलं तेल ओढून घेतो. सकाळी खरवडून काढा आणि धुवा. डाग जुना असेल तर दोन-तीन रात्री लागतील.

कोब्यावर फार जुना चिकटा असेल तर अर्ध्या बादली गरम पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा घाला. तो हाताची कातडी सोलतो, म्हणून हातात प्लास्टिकची पिशवी किंवा मोजे घाला. ते पाणी तुळशीला किंवा परसातल्या वाफ्यात सोडू नका.

आणि सारवलेली जमीन असेल तर? तिथं साबण-पाणी काही नको, चिखल होईल. सांडलेल्या तेलावर कोरडी माती टाका, ती तेल पिऊ द्या. मग तेवढा थर खुरप्याने खरवडून काढा. नवी माती भरा, चोपा आणि शेणाने सारवा. सगळ्यात सोपी हीच जमीन. तिच्यावर पायही सहसा घसरत नाही. आत्या म्हणतात, "टाईल्स बसवल्या आणि घरात भीती आणली."

आता काय करायचं नाही ते.

संडासचं ॲसिड फरशीवर ओतायचं नाही. त्याने तेल निघत नाही, फरशी मात्र जाते. डोळ्यात उडालं तर डोळाही जातो. आणि ॲसिड व ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही करायचं नाही. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो. बंद मोरीत असं झालं तर जीव गुदमरतो. "दोन्ही टाकलं तर डबल साफ" असं नसतं, मैत्रिणींनो.

रॉकेल किंवा पेट्रोलने चिकटा निघतो म्हणून कुणी वापरत असेल तर थांबवा. घरात चूल आहे. शिवाय रॉकेल पाण्याच्या बाटलीत भरून ठेवतो आणि लहान पोर पाणी समजून तोंडाला लावतं. स्पिरिटचंही तसंच. बाटली उंचावर ठेवायची, पाण्याच्या बाटलीत कधीच भरायची नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे "नंतर पुसते" म्हणायचं नाही. तेल सांडलं की तीच वेळ.

अर्थात, सांडूच नये याची तजवीज केली तर यातलं निम्मं काम वाचतं. आमच्या बैठकीत त्या दिवशी अर्धा तास हेच बोलणं झालं, आणि ज्या हसल्या होत्या त्यांनीच जास्त सांगितलं. एक आक्का म्हणाल्या, तेलाची वाटी घ्यायचीच कशाला, बारीक तोंडाची बाटली घ्यावी, हातावर चार थेंब घ्यावेत. दुसरी म्हणाली, वेणी-फणी पोत्यावर बसून करावी. धुतलेलं गोणपाट घसरत नाही आणि तेल पितं. पाय मात्र पोत्यावरच पुसून मग उठायचं, नाहीतर तेलाचे पाऊल मोरीपर्यंत उमटतात.

पार्लरवाल्या ताईने आता स्प्रे मारायचं काम अंगणात नेलंय. नवरीला पडवीच्या पायरीवर उभं करायचं, तोंडावर रुमाल धरायचा आणि तिथं फवारा मारायचा. फरशीही वाचली आणि दिवसभर बंद खोलीत तो फवारा छातीत जात होता, तोही थांबला. पावसाळ्यात खुर्चीखाली जुना फ्लेक्स अंथरते, त्याच्या कडा चिकटपट्टीने जमिनीला लावते म्हणजे कुणी अडखळत नाही. संध्याकाळी तो काढून बाहेर धुवायचा. गेल्या वर्षीच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा असा उपयोग होतो बघा. मला परवा ती सांगत होती, "ताई, आता गिऱ्हाईक आत येताना चप्पल चटचट वाजत नाही. आधी बायका जमिनीकडं बघायच्या, आता आरशात बघतात."

मैत्रिणींनो, घरात म्हातारं माणूस असेल, बाळंतीण असेल, पोटुशी बाई असेल, रांगतं-धावतं लेकरू असेल, तर फरशीकडं जरा वाकून बघा. म्हाताऱ्या माणसाचं हाड एकदा मोडलं की ते लवकर जुळत नाही. आणि ते माणूस अंथरुणाला खिळलं की त्याच्याबरोबर घरातली एक बाईही अडकते, हेही आपल्याला माहीत आहे. चमचाभर साबण आणि पंधरा मिनिटं, एवढ्याने हे टळत असेल तर ते बायकांचं क्षुल्लक काम नाही.

आता आत्यांचं सांगते. त्या काठी घेऊन चालायला लागल्या, त्यानंतर एक दिवस मी त्यांच्या केसांना तेल लावत होते, पोत्यावर बसून. तेव्हा मी सांगितलं, "आत्या, त्या दिवशी तेल माझ्याच हातून सांडलं होतं." त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं. माझ्या तळव्याला खोबरेलाचा वास होता." एवढ्या महिन्यांत येणाऱ्या-जाणाऱ्या एकालाही त्यांनी ते सांगितलं नव्हतं. सगळ्यांना चक्करच सांगितली.

पुढं म्हणाल्या, "मला सांगितलंस ते बरं केलंस. आता चार बायकांना सांग." म्हणून आज सांगितलं.

पुढच्या बैठकीत तुमच्या गटातही हे बोला. कुणाच्या घरी फरशी चिकटते, कुणाच्या घरी घसरते, विचारा. कुणी हसलं तर हसू द्या, पण बोला. आणि आज रात्री निजायच्या आधी, जिथं तुम्ही लेकीची वेणी घालता, त्या जागेवर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा.